धालोच्या गाण्यात 'हांव' म्हणायची जागा

पौषातली रात्र होती. वाळपईच्या पुढे, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात माझ्या आजोळच्या वाड्यावर धालोच्या खेळाचा मांड, म्हणजे खेळायचं अंगण, सारवून ठेवला होता, तुळशीपाशी दिवा लागला होता आणि बायकांच्या दोन ओळी समोरासमोर उभ्या होत्या. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. आमची धाकटी मामी एरवी चार माणसांत तोंड उघडायची नाही. आमटीत मीठ कमी असलं तरी मागून घ्यायची नाही. त्या रात्री गाणं तिच्या ओळीकडे आलं आणि तिने म्हटलं:

मायच्या दारांत आबोली फुलली
माळपाक हांव ना

आईच्या दारात आबोली फुलली, माळायला मी नाही. मामीचं माहेर काणकोणात, म्हणजे गोव्याच्या दुसऱ्या टोकाला. लग्न झाल्यापासून ती किती वेळा तिकडे गेली होती, हे बोटांवर मोजता आलं असतं. समोरच्या ओळीने तिची ओळ उचलली आणि कमरेत वाकून, दोन पावलं पुढे येत परत म्हटली. समोर आजी होती, थोरली मामी होती, शेजारच्या घरांतल्या सुना होत्या. त्या सगळ्या एका सुरात म्हणत होत्या, 'माळपाक हांव ना'. एका बाईचा 'मी' दहा-बारा तोंडांतून बाहेर पडत होता.

लोकगीत समूहाचं असतं, त्याला कर्ता नसतो, असं आपण शाळेपासून ऐकतो. दुसरीकडे असंही ऐकतो की लोकगीतात बाई आपलं मन मोकळं करते. ही दोन्ही विधानं एकाच गाण्याबद्दल कशी खरी असतील? जे गाणं सगळ्यांचं, त्यात एकटीचं मन मावतं कुठे? हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे, आणि त्याचं उत्तर मला ग्रंथात सापडण्याआधी मांडावर सापडलं. ते इथे जमेल तितक्या सोप्या शब्दांत मांडते.

आधी, ज्यांनी धालो पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं. धालो हा गोव्यातल्या हिंदू बायकांचा रात्रीचा खेळ आहे, आणि तो नुसता खेळ नाही, व्रतही आहे. पौषात पाच, सात, नऊ अशा विषम रात्री तो चालतो. सरदाचं, म्हणजे पावसाळी, भात तोवर घरात आलेलं असतं, कामाचा रेटा ओसरलेला असतो, थंडी पडलेली असते. ज्या अंगणात धालो खेळतात त्याला मांड म्हणतात. मांड ठरलेला असतो. वाटेल त्या अंगणात धालो खेळत नाहीत. बायका एकमेकींच्या कमरेला हात घालून ओळ धरतात, साधारण बारा इकडे, बारा तिकडे. एक ओळ गात वाकत पुढे जाते आणि मागे येते, मग दुसरी तेच करते. सुरुवात धरतरीच्या, देवतांच्या नमनाने होते. नंतर संसार येतो, सासर येतं, भाऊ येतो, झाडं-पाखरं येतात, थट्टा येते. भाषा मिसळलेली असते. आमच्या मांडावर नमनाची गाणी मराठीकडे झुकायची आणि रात्र चढत गेली की कोंकणी वर यायची. देवाशी मराठीत, आपसांत कोंकणीत, ही गोव्यातल्या हिंदू घरांची जुनी सवय आहे, आणि ती गाण्यातही उतरली आहे.

आता मुद्द्याकडे येते. लोकगीत पाठ असतं, पण पुस्तकातली कविता पाठ असते तसं नसतं. बाईला पाठ असतो तो साचा. वर दिलेल्या ओळीचंच बघू. 'अमक्याच्या दारात तमकं फुललं' हा साचा मांडावरच्या प्रत्येकीला ठाऊक आहे. अमका कोण आणि तमकं काय, या दोन जागा मोकळ्या. त्यानंतर दुसरी, आखूड ओळ येते. ती पहिलीला उत्तर देते, आणि ती जवळजवळ पूर्णच मोकळी असते. समजावण्यापुरत्या दोन ओळी मीच जुळवते: 'देवाच्या दारी चाफा फुलला, परडी भरून आली'. हे साधं, कुणीही म्हणावं असं. आता तोच साचा घेऊन कुणी म्हणेल, 'शेजीच्या दारी चाफा फुलला, वास आमच्या घरी आला'. आधीचा एक शब्द आणि दुसरी ओळ बदलली आणि शेजारणीचा टोमणा तयार झाला. चाल तीच, ताल तोच, पाय तसेच पडतात. नवं रचल्याचा आव आणावा लागत नाही, आणि रचता येत नाही म्हणून कुणी मागेही राहत नाही. साच्याने अर्धी ओळ आधीच देऊन ठेवलेली असते. उरलेल्या अर्ध्या ओळीपुरतं धाडस करायचं असतं, आणि तेवढं धाडस मामीसारख्या अबोल बाईलाही झेपतं.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा उमगली. समोरची ओळ तेच तेच परत का म्हणते? पाहुण्याला तो कंटाळवाणा भाग वाटतो. मोबाइलवर धालो चित्रित करणारे नेमका तोच भाग कापून टाकतात. पण समोरच्या बायका परत म्हणत असतात, तेवढ्याच वेळात इकडची बाई पुढची ओळ मनात जुळवत असते. दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे, एवढी सवड तिला मिळते. आवर्तन ही विचाराची जागा आहे. ते काढलं तर पाठांतर उरतं.

जात्यावरच्या ओवीचं गणितही असंच. घरघरणाऱ्या जात्याने चरण आणि चरण यांच्या मधली पोकळी भरून काढायची, आणि तोवर बाईला पुढचा शब्द सापडायचा. ओवीची सुरुवातच बघा ना: 'पहिली माझी ओवी'. हे तीन शब्द कुणा एकीचे नाहीत. मराठी बोलणाऱ्या अगणित बायकांनी ते शेकडो वर्षं म्हटले. आणि प्रत्येकीने म्हटलं 'माझी'. उसना साचा घेऊन त्याला माझा म्हणायची मुभा त्या साच्यातच शिवलेली आहे. याहून सुंदर तोडगा मला कुठल्याही काव्यप्रकारात दिसलेला नाही.

तिसरी गोष्ट आडोशाची. मामीने त्या रात्री जे म्हटलं ते स्वयंपाकघरात म्हटलं असतं तर तक्रार झाली असती. 'मला माहेरी पाठवत नाहीत' हे वाक्य सासूच्या तोंडावर बोलणं म्हणजे भांडण. मांडावर ते गाणं होतं. गाण्यातली 'हांव' कोण, हे कुणी विचारत नाही. ती मामी असेल, गाण्यातली कुणी सून असेल, शंभर वर्षांपूर्वीची कुणी असेल. विचारलंच तर 'गाणंच तसं आहे' म्हणता येतं. आजीने स्वतःच्या तोंडाने ती ओळ परत म्हटली होती, म्हणजे ऐकलं नाही असं तिला म्हणता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी घरात कुणी काही बोललं नाही. संक्रांत झाली तशी आजीने मामाला सांगितलं, 'हिला चार दीस मायेगेर सोडून यो.' मामीच्या ओळीचा उल्लेख तेव्हाही झाला नाही. मी मोठेपणी आजीला त्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, 'मांडार येता ती ओळ घेवप, बाय. दुसऱ्या दिसा ती आपली न्हय.' मांडावर जी ओळ येते ती घ्यायची. दुसऱ्या दिवशी ती आपली नसते.

हे वाक्य मी कितीतरी वर्षं मनात घोळवते आहे. स्वातंत्र्य म्हटलं की नाव पुढे येणं, सही करणं, 'हे मी म्हटलं' असं ठासून सांगणं, एवढंच आपल्या डोळ्यांपुढे येतं. मांडावरची बाई आपलं म्हणणं सोडून देते, आणि सोडून देता येतं म्हणूनच तिला ते म्हणता येतं. ते तिचं राहिलं असतं तर त्याचा जाबही तिलाच द्यावा लागला असता.

शेवटची रात्र याच्याही पुढे जाते. त्या रात्री बऱ्याच मांडांवर पुरुषांना मज्जाव असतो. काही बायकांच्या अंगात रंभा येते. सोंगं निघतात: कुणी पारधी होते, कुणी पिंगळी, कुणी धोतर-मुंडासं गुंडाळून गावातल्या एखाद्या बड्या माणसासारखी चालते. आमच्या थोरल्या मामीने एकदा आजोबांचं सोंग काढलं होतं. काठी आपटत, घसा खाकरत, 'चाय खंय?' विचारत ती मांडभर फिरली. आजी हसता हसता खाली बसली होती. सोंग म्हणजे आडोसा आणखी दाट करणं. गाण्यात शब्द दुसऱ्याचे होतात, सोंगात देहच दुसऱ्याचा होतो, आणि अंगात आलं की म्हणणं देवाचं होतं. जितकं म्हणायचं अवघड, तितका आडोसा मोठा. धालोच्या रात्री याच क्रमाने चढत जातात हे मला योगायोगाचं वाटत नाही. पहिल्या रात्री नमन, मधल्या रात्रींत साच्यातल्या मोकळ्या जागा, आणि शेवटी सोंग.

ही सगळी बायकांची हौस आहे, तिला एवढं वजन कशाला, असं कुणी म्हणेल. त्याला माझं उत्तर इतिहासातलं आहे. ओवी किती जुनी? बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात नोंद आहे की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी म्हणतात. राजाने लिहून ठेवावं इतकी ती तेव्हाच घरोघरी होती. पुढे गोव्यात पोर्तुगीज आले आणि ओवीच्या वाट्याला एक विलक्षण गोष्ट आली. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने ख्रिस्ताची कथा मराठीत रचली, सुमारे ११,००० ओव्यांत. ते 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये साष्टीतल्या रायतूर इथे छापलं गेलं. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या कानाला ओवीच गोड लागणार, हे त्या जाणत्या माणसाने ओळखलं होतं.

आणि मग १७३६ साल. पोर्तुगीजांच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, एक लांबलचक फर्मान काढलं. बाटलेल्या कुटुंबांनी जुने कुठले कुठले रीतीरिवाज टाकायचे याची त्यात यादी होती: कपडे, खाणं, लग्नातले विधी. त्या यादीत लग्नातल्या ओव्याही होत्या. ज्या ओवीत ख्रिस्ताचं चरित्र सांगितलं, तीच ओवी बाईने आपल्या लेकीच्या लग्नात म्हणायची नाही. छंद तोच असताना एक मान्य आणि एक गुन्हा कसा? मला त्याचं कारण सरळ दिसतं. क्रिस्तपुराणातली ओवी लिहिलेली होती, तपासून छापलेली होती. तिच्यात पुढचा शब्द काय येणार हे सत्तेला माहीत होतं. लग्नघरातली ओवी मोकळी होती. तीत बाई काय घालेल, कुठला देव, कुठलं जुनं नाव, कुठलं दुःख, हे कुणालाच आधी कळत नव्हतं. ज्या मोकळ्या जागेबद्दल मी इतका वेळ सांगते आहे, तिची धास्ती एका साम्राज्याच्या धर्मन्यायालयाने घेतली होती. इतकं फर्मान काढूनही ख्रिस्ती घरांतल्या लग्नांत रोसाच्या, म्हणजे नारळाचा रस लावायच्या विधीच्या, वेळी ओव्या राहिल्याच. देव बदलला, साचा टिकला.

गोव्याच्या गाण्यांत 'हांव' अगदी पहिल्याच शब्दाला येते ती एका देखणीत, म्हणजे देखणी नावाच्या नाचगाण्यात. 'हांव सायबा पलतडी वयतां' हे शब्द गोव्याबाहेरही पुष्कळांना ठाऊक आहेत. तिची चाल हिंदी चित्रपटातही गेली. एक कलावंतीण नदीकाठी तारवाल्याला म्हणते, मला पलीकडे ने, तिकडे लग्न आहे. ती दागिने देऊ करते, तो नको म्हणतो. एकटी बाई, रस्त्यावर आहे, स्वतःच्या कामाला निघाली आहे, स्वतः भाव ठरवते आहे. वरवर पाहता धालोपेक्षा ही कितीतरी मोकळी. गाणं मला मनापासून आवडतं. तरी ते मी धालोच्या शेजारी ठेवणार नाही. देखणी हा प्रकार ख्रिस्ती भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, दिवाणखान्यांत, वाद्यांच्या साथीने वाढला. त्यात कलावंतिणीचा वेश घेतात, तिचं नाचणं दाखवतात. त्या 'हांव'मध्ये कलावंतीण स्वतः बोलत नाही, तिच्या वतीने दुसरं कुणीतरी बोलतं. बाईविषयीचं गाणं आणि बाईचं गाणं यांत हा फरक आहे, आणि शब्द वाचून तो कळत नाही. गाणं कुणाच्या तोंडी आहे आणि बदलायचा हक्क कुणाला आहे, हे बघावं लागतं. खऱ्या कलावंत घराण्यांतल्या मुलींनी स्वतःचा आवाज कसा मिळवला ते पाहायचं तर केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगुबाई यांच्याकडे पाहावं. गावाचं नाव केरकर, कुर्डीकर असं आडनावात घेऊन त्या निघाल्या आणि रागदारीत, जिथे साचा आणि मोकळी जागा यांचा खेळ सर्वांत कठीण असतो, तिथे त्यांनी आपलं स्थान मिळवलं. तो विषय मोठा आहे, त्याला वेगळा लेख लागेल.

मांडाचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवणं मला बरोबर वाटत नाही. मांड सगळ्यांना सारखा मोकळा नाही. त्याला सोवळं-ओवळं आहे, मान आहे. दिवा कुणी लावायचा, पहिलं गाणं कुणाच्या घरचं, ओळीत कोण कुठे उभी राहील, यात घराणं येतं, जात येते. वर्षाच्या ज्या काही रात्री मोकळ्या, त्या सोडून उरलेल्या रात्री काय, हाही प्रश्न आहेच. पाळी असलेली माझी मावसबहीण पायरीवर बसून दुरून गाणं ऐकायची, तोंडातल्या तोंडात म्हणायची, ते मी पाहिलं आहे. तिच्याजवळही ओळी असणार. त्या कुणी परत म्हटल्या नाहीत.

आणि आता मंच. काही वर्षांपूर्वी आमच्या वाड्यावरच्या बायका तालुक्याच्या गावी एका स्पर्धेत धालो घेऊन गेल्या. धाकटी मामी तोवर साठीला पोचलेली, मांडावरची जाणती झालेली. एकाच रंगाच्या साड्या, सारख्या वेण्या, आणि वेळ नेमून दिलेला. तालमीत बसवून देणाऱ्यांनी आवर्तनं निम्मी केली, कारण 'लोकांना तेच तेच ऐकायला आवडत नाही'. गाणं कागदावर लिहून आधी द्यायचं होतं. मंचावर मामीला मध्येच एक नवी ओळ सुचली आणि सवयीने तिने ती घेतली. समोरच्या ओळीतल्या मुली गोंधळल्या, कारण ती कागदावर नव्हती. कुणीच ती परत म्हटली नाही. तेवढ्यात घंटा झाली. परीक्षकांनी नंतर सांगितलं, 'छान होतं, फक्त मध्ये एकदा चुकलात.' मामी काही बोलली नाही. बसमध्ये खिडकीशी बसून ती ओळ हळू आवाजात म्हणत होती, जणू खरंच चुकलं का ते तपासून पाहत होती.

ती चुकली नव्हती. हे मी त्या बसमध्ये तिला सांगितलं आणि इथेही लिहून ठेवते. मंचावर धालो जाऊ नयेत असं मी म्हणत नाही. वाड्यावरच्या मुलींनी मंचामुळेच पुन्हा ओळ धरायला सुरुवात केली आहे, हे माझ्यासमोर घडलं आहे. पण मग निदान एक मोकळी ओळ ठेवा. आवर्तनं कापू नका. कागदावर गाणं मागाल तर त्यात एक जागा कोरी सोडा. गाणी गोळा करणाऱ्यांनाही माझी हीच विनवणी आहे. एका मांडावरचा एक पाठ छापला आणि 'हेच ते गाणं' म्हटलं, तर पुढच्या पिढीची मुलगी तो पाठ बघून म्हणेल आणि स्वतःची ओळ घालायला घाबरेल. शक्य असेल तिथे तीन-चार पाठ शेजारी शेजारी छापावेत. कुठला शब्द हलतो आणि कुठला हलत नाही ते दिसू द्यावं. वाचणारीला साचा हाती लागेल, आणि मग ती तो वापरेल.

गेल्या पौषात मी पुन्हा मांडावर होते. मामी आता ओळीत उभी राहत नाही, गुडघे साथ देत नाहीत. ती तुळशीपाशी खुर्ची टाकून बसते. तिची नात पणजीला एका दुकानात हिशेबाचं काम करते. शनिवारी संध्याकाळच्या बसने आली आणि पर्स घरात टाकून थेट ओळीत शिरली. बराच वेळ ती दुसऱ्यांच्याच ओळी परत म्हणत होती. मग 'दारांत आबोली फुलली' हा साचा आला. एकीने म्हटलं, दुसरीने म्हटलं, आणि गाणं तिच्यापाशी आलं तेव्हा एक पाऊल ती गप्पच होती. मला वाटलं आता सोडणार. तेवढ्यात तिने घेतलं:

पणजेच्या बाजारांत फाती घेतली
म्हज्या पयशांनीं माळ्ळी

पणजीच्या बाजारात गजरा घेतला, माझ्या पैशांनी माळला. समोरच्या ओळीत क्षणभर हसू पसरलं. मामी खुर्चीत पुढे सरकली, हात कानाशी नेला, आणि नीट ऐकू यावं म्हणून थांबली. मग समोरच्या बाराजणी कमरेत वाकल्या आणि दोन पावलं पुढे आल्या: 'म्हज्या पयशांनीं माळ्ळी'.